सहावा रकाना

— थांब, थांब गं, ते 'एन ए' ठेवू नकोस तिथे. सहाव्या रकान्यात. 'नोकरीआधीचं स्वतःचं काम' — वाच ना नीट. सगळे 'एन ए', लागू नाही, असंच लिहितात, माहितीये, मी पण लिहिलं होतं, याच सोफ्यावर बसून, चार वर्षांपूर्वी. बावीस पानांचा फॉर्म, नवीन नोकरी — कोण वाचतंय? ... छे, मी एचआरचा नाही. लॅपटॉप परत द्यायला बसलोय. आज शेवटचा दिवस माझा. तू रेवती ना? फॉर्मवर दिसलं. मी लवू.

म्हणशील, माझ्याकडे कुठे काय स्वतःचं? माझ्याकडे होतं. बाबांचं घशाचं ऑपरेशन ठरलेलं, आवाजच जाणार होता. म्हणून आधी महिनाभर त्यांना समोर बसवून शब्द रेकॉर्ड केले — मुलुंडच्या घरात, पंखा बंद करून, घामाघूम दोघं. मालवणीतच, घरात ते दुसरं बोलतच नाहीत. 'पाणी दी', 'दार लाव', 'टीव्हीचो आवाज कमी कर.' चारशे शब्द. टॅबवर चित्रं टाकली, चित्र दाबलं की बाबाच बोलायचे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा काय दाबलं असेल? आईला शिवी! आई हसता हसता रडायलाच लागली.

मग वाट कुणी लावली? मीच. घरचा लॅपटॉप हँग व्हायचा, म्हणून सगळं इथल्या लॅपटॉपवर आणलं, लंच टाइममध्ये सुधारत बसायचो. आवाज पण ऑफिसच्याच अकाउंटवर ठेवले, घरचा टॅब नेटवरून तिथूनच उचलायचा. आणि मला कुणी पकडलं नाही हां — मीच दाखवलं, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये, हौसेने. टाळ्या हव्या होत्या यार, खोटं कशाला बोलू. मिळाल्या पण. सोमवारी आमचे बॉस, देवेश सर, म्हणाले, झकास, आता हे कंपनीचं प्रॉडक्ट. माझं आहे म्हटलं, तर त्यांनी माझा जुना फॉर्म काढला. सहावा रकाना. माझ्याच अक्षरात.

भांडलो, राजीनामा टाकला. शेवटी हात जोडले गं — ॲप ठेवा, नाव बदला, काय हवं ते करा, फक्त बाबांचा आवाज द्या. तर म्हणे, तोही प्रोजेक्टचाच भाग. ... कॉपी? नाही ना. रविवारी काढतो, रविवारी काढतो, अशी चार वर्षं गेली, आणि त्या सोमवारपासून तर डाउनलोडच बंद केलं त्यांनी. आईलाही नाही सांगितलंय अजून. तुला का सांगतोय, काय माहीत.

आज सकाळी अकाउंट बंद केलं त्यांनी. मी चप्पल घालत होतो, बाबा टॅब घेऊन दारात आले. रोज येतात. एकच बटण दाबतात — 'लवू, खाल्लंस काय रे?' दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. मग टॅब उलटा करून बघितला, वाटलं असेल चार्जिंग संपलं. मला बघवेना. मीच बोललो, होय बाबा, खाल्लंय.

काही खाल्लं नव्हतं.

— आलो, आलो मॅडम. हो, चार्जर पण आणलाय. ... माझ्याकडे काय बघतेस? खोड ना ते 'एन ए' आधी.