नाव नंतर सांगू

(लुईव्हिल, ऑक्टोबरातला रविवार. उपासना संपली आहे. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ओडेसा टिलरी ताटं पुसते आहे. समोर कागद पसरून तिचा भाचा थेरॉन बसला आहे. शहराच्या बेसबॉल क्लबमध्ये तो खेळाडूंच्या अदलाबदलीचं काम पाहतो.)

ओडेसा : खुर्ची जरा जवळ ओढ, थेरॉन. तुझ्या या कागदांत नाही अशी एक गोष्ट सांगणार आहे मी तुला. पण आधी तुझं रडगाणं आटप.

थेरॉन : रडगाणंच आहे, मावशी. या मोसमात एकशे सात सामने हरलो. उद्या मालकांसमोर तीस वर्षांचे सौदे मांडायचेत. कुठला फळला, कुठला बुडाला. मला फळलेला सापडतच नाहीये.

ओडेसा : चेंडू फेकणारा तो उंच डावखुरा पिचर दिलात, तो?

थेरॉन : त्याच्या बदल्यात तिघे आले. एकाचा खांदा गेला, एक कंटाळून घरी गेला, तिसरा रेडिओवर आमच्याच सामन्यांचं समालोचन करतो.

ओडेसा : छान करतो. मैदानात होता तेव्हा मेल्याच्या हातून चेंडू सुटायचा, आता शब्द सुटत नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहायचा तो शॉर्टस्टॉप?

थेरॉन : तिकडे जाऊन दोनदा अजिंक्यपद मिळवून बसला.

ओडेसा : ठाऊक आहे. मी रेडिओ बंद करून ओव्हन घासत बसले होते. बरं, या हिवाळ्यात हवंय काय तुम्हाला?

थेरॉन : दोन पिचर. मधल्या मैदानात पळणारा कुणीतरी. तिसऱ्या बेसवर कुणीही चालेल.

ओडेसा : म्हणजे संघच हवाय.

थेरॉन : हस तू.

ओडेसा : हसत नाहीये रे. आज पाळकबाबांचा उपदेश शेवटी गाण्यावर आला, सूर असा चढला की लंगडी बर्निससुद्धा उभी राहिली. तू एकटा खाली बघत बसलेलास. मी क्वायरमध्ये गाता गाता पाहत होते. सामने हरलेल्याचा चेहरा मी चाळीस वर्षं बघतेय. हा तो नव्हता. काय केलंस?

थेरॉन : मागे बसून चेंडू झेलायला कॅचर आणला. शुक्रवारी.

ओडेसा : कुणाला देऊन?

थेरॉन : एका खेळाडूला. नाव नंतर सांगायचं ठरलंय.

ओडेसा : किती जणांची यादी दिलीस त्यांना?

थेरॉन : यादीचं तुला काय माहीत?

ओडेसा : किती?

थेरॉन : पाच. सहा महिन्यांत त्यांनी एक उचलायचा.

ओडेसा : आणि पाचांपैकी कुणाला कळू द्यायचं नाही.

थेरॉन : तसाच करार असतो, मावशी.

ओडेसा : आता माझी गोष्ट ऐक. हे, तुझे रॉस्को काका, तुझ्या आठवणीत टायरच्या कारखान्यातले. त्याआधी ते याच क्लबच्या खालच्या संघात कॅचर होते. अशीच एक यादी निघाली. एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा त्यांच्यावर फार जीव. त्यानं कानात सांगितलं, रॉस्को, तुझं नाव आहे त्यात, तयार राहा. झालं. बॅग भरून दाराशी ठेवली. सगळा हिवाळा फोनपाशी. मला कुणाशी दोन मिनिटं बोलू द्यायचे नाहीत. माझी आई गेली, तर टेनेसीला मी एकटी गेले मातीला. यांना वाटलं, आपण तिकडे आणि फोन इकडे वाजला तर?

थेरॉन : मग कधी बोलावलं?

ओडेसा : एप्रिलात पेपरात दोन ओळी आल्या. पलीकडच्या क्लबनं खेळाडू नको म्हटलं. त्याऐवजी सरावाचं यंत्र घेतलं, ते चेंडू फेकतं ते.

थेरॉन : यंत्र?

ओडेसा : संघात सगळे पोट धरून हसले. हेही हसले त्यांच्याबरोबर. घरी येऊन बॅग सोडली. शर्टांच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. त्यानंतर त्यांनी ग्लोव्ह हातात घातला नाही.

थेरॉन : जुन्या वहीत वाचलाय मी तो सौदा. 'एक खेळाडू' एवढंच आहे तिथे.

ओडेसा : असणार. थेरॉन, माझ्या वरच्या खोलीत राहतो तो तुमचा खेळाडू एझ्रा, त्याचं नाव आहे का तुझ्या पाचांत?

थेरॉन : मला सांगता येत नाही.

ओडेसा : डिसेंबरात लग्न करतोय तो. पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्यात. सकाळी मला विचारत होता, पडदे कुठल्या रंगाचे घेऊ.

थेरॉन : त्याला म्हणावं, पडद्यांची घाई करू नकोस.

ओडेसा : अरे देवा. यादी परत घे.

थेरॉन : सही झाली. माझीच आहे. तूच सांग त्याला. मी सांगितलं तर नोकरी जाईल, तू सांगितलंस तर कुणाला कळणार नाही.

ओडेसा : तुझ्या काकांनाही कुणीतरी मायेनंच सांगितलं होतं.

थेरॉन : मग करायचं काय?

ओडेसा : मला माहीत असतं तर आज पाळकबाबांच्या सुरावर ते दिवस आठवून मी रडले नसते. एझ्राला मी निळे घे म्हणून सांगेन.

थेरॉन : मावशी, काकांचा तो सौदा मी उद्याच्या कागदात घालू का? बुडालेल्यांत?

ओडेसा : तीस वर्षांत बसत नाही तो. आणि कागदावर घालून काय, उद्या संध्याकाळी केराच्या टोपलीत जाईल. तू नुसतं ध्यानात ठेव. रॉस्को टिलरी. कॅचर. नाव नंतर सांगू म्हणाले होते, मी आत्ता सांगतेय.