खिडकीजवळचं टेबल

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब घालून सगळ्यांना ओळीने डोळे मिटून बसवलं होतं. शिवणकाम करणाऱ्या काकूंना डोळे मिटले तरी कान थोडेच मिटता येणार होते? शेजारी परदेशातली नोकरी संपवून आलेला भाऊ आणि त्याची थोरली बहीण बोलत होते.

“ताई, त्या हॉटेलात मी अकरा वर्षं उभ्याने जेवलो. मागच्या दारात, भांडी घासून झाली की.”

“काहीतरीच. तू खिडकीजवळच्या टेबलावर जेवायचास. पांढरं कापड, समोर नदीवरचा पूल.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तूच. सगळी पत्रं आहेत माझ्याकडे. मालक स्वतः वाढायचा म्हणे.”

“मालक कसला वाढतोय. पण पूल होता खरा. संध्याकाळी त्यावरून पिवळी गाडी जायची.”

“मागच्या दारातून दिसायची?”

“नाही. मागे नुसती भिंत.”

“मग बसत असशील की टेबलावर. नीट आठव.”

“आठवतंय गं, तिथेच तर घोळ आहे. ते कापड अजून हाताला लागतं. पण बदलायला घेतल्यासारखं, रश्शाच्या डागांचं.”

“म्हणजे?”

“म्हणजे मलाही कळत नाही. पत्रं कोण वाचायचं?”

“मीच, अण्णांना वाचून दाखवायचे. शेवटपर्यंत ते येईल त्याला सांगत होते, आमचा पोरगा तिकडे बसून जेवतो.”



“मग बसूनच जेवत असेन, ताई.”