पयली उडी बरोबर पडली व्हती

माझं म्हायेर पेनच्या खालच्या अंगाला, मिठागराचं. बाप मिठागरात, आय मिठागरात, आन् मी चालायला लागले तशी मी पन मिठागरात. उन्हानं डोळे चुरचुरायचे, पायाला भेगा, आन् त्या भेगांत मीठ. काय सांगू ताई तुमाला, आमच्या घरात सगळीच तापट. एकदा मुकादम बापाला सगळ्यांसमोर नको ते बोलला, तर आयनं हातातलं फावडं त्याच्या पायाशी टाकलं आन् म्हनाली, घे, आता तूच वढ मीठ. त्या आयेची मी पोर. तुमी लिवताय तर हे पन लिवा, की यमुना रागीट हाय. लोक म्हनतात आता वय झालं, शांत व्हावं. का व्हावं? माझी पोर खाटेवर पडली तवा कोन शांत करायला आलं व्हतं?

लगीन झालं आन् काशीदला आले. तवा काशीदला काय व्हतं, सुरूचं बन आन् वाळू. सासऱ्याची छोटी होडी, मागं थोडी नारळाची वाडी. मंग गाड्या यायला लागल्या, मुंबई-पुन्याची मानसं, शनवार-रविवार नुसती जत्रा. आमच्या यांनी होडी इकली आन् इंजिनाची बोट घेतली, तिच्या मागं ते फुगवलेलं केळं बांधतात, त्याच्यावर मानसं बसवून पान्यात पाडतात, ते काम. अनंता म्हना, सगळा किनारा वळखतो. मी शहाळ्याची गाडी लावली. बरं चाललं व्हतं. पर्यटक कसे, तर शहाळं पिऊन झालं की तिथंच टाकतात, आन् मलाच म्हनतात मावशी किती कचरा हाय वो तुमच्याकडं. असू दे.

आमाला एकच पोर, रेश्मा. ती बापाच्या बोटीतच वाढली म्हना ना. शाळेतनं आली की दप्तर माझ्या गाडीखाली आन् ही पान्यात. मंग किनाऱ्यावर त्या पान्यातल्या स्कूटर आल्या, जेटस्की म्हनतात, आमी नुसतं स्कूटर म्हनतो. सगळे पोरगेच चालवायचे. ही म्हनाली बाबा मला शिकवा. मी म्हटलं काय नको. बापानं शिकवली. आन् अशी शिकली ताई, की बायका यायच्या, लांब लांबनं आलेल्या, आन् इचारायच्या ती पोरगी कुठं हाय ती, आमाला तिच्याच मागं बसायचंय. त्या पोरग्यांच्या मागं बसायला बायकांना नको वाटायचं, हिच्या मागं बसायच्या आन् वरडायच्या, हसायच्या, उतरताना हिचा गालगुच्चा घ्यायच्या. मी शहाळं सोलता सोलता बघायची. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मंग त्यो आला. मुंबईचा, केसांचा बुचडा बांधलेला. त्याचं नाव मी तोंडानं घेनार न्हाय, बुचडेवालाच म्हननार. फोनवर व्हिडिओ टाकायचा त्याचा धंदा. आज इथं कड्यावरनं लोंबकळ, उद्या तिथं धबधब्यात उडी टाक, आन् उडी सोता न्हाय टाकायचा बरं का, दुसऱ्याला टाकायला लावायचा. त्यानं रेश्माला बघितली. दोन-चार व्हिडिओ काढले, टाकले. पोरीला लोक वळखायला लागले. दुकानात गेली तर पोरी म्हनायच्या दीदी एक सेल्फी. तिला आवडलं. का न्हाय आवडनार? त्या वयात मला कुनी म्हटलं असतं की यमुना तू भारी मीठ वढतेस, तर मलाबी आवडलं असतं.

आता त्या जहाजाचं सांगते. मुंबईहून गोव्याकडं एक मोठं जहाज जातं, फिरायला जानाऱ्या लोकांचं, क्रूज म्हनतात. ते आमच्याकडं येत न्हाय, लांबनं जातं, वाटतं की एखादी बिल्डिंगच चाललीय पान्यावरनं. बुचडेवाल्याच्या डोक्यात ते भरलं. म्हनाला, एवढं जहाज चालतं तवा त्याच्या अंगानं लाट उठते, त्या लाटेवरनं रेश्मानं स्कूटर उडवायची, मागं जहाज दिसलं पायजे, वरचे लोक दिसले पायजेत. मला यातलं काहीच सांगितलं न्हाय. मला सांगितलं कोर्लईच्या किल्ल्याकडं शूटिंग हाय, बाबा बोट घेऊन संगट हायेत. बापाला काय सांगितलं, तर लांबनं एक चक्कर मारायची, बास. आन् बाप संगट गेला. पोर म्हनेल ते करनारा बाप. मी त्याला अजून बोलते, रोज बोलते, आन् बोलनार.

पुढचं मी बघितलेलं न्हाय. यांच्या तोंडनं, तिच्या तोंडनं आन् त्या मेल्या व्हिडिओतनं, तिन्हीकडनं जोडून मला ठावं हाय. दुपार कलली व्हती, समुद्र तसा बरा व्हता. जहाज आलं. ही स्कूटर घेऊन त्याच्या अंगाला गेली, लाट आली, हिनं स्कूटर उडवली आन् खाली आली, नीट. वरचे लोक कठड्याला येऊन वरडायला लागले, हात हलवायला लागले, सगळ्यांच्या हातात फोन. जहाजानं भोंगा वाजवला. यांनी बोटीतनं हात केला, बास, ये मागं. आन् त्यो बुचडेवाला बोटीत उभा राहून हातानं खुनावतोय, अजून एक, अजून जवळ, अजून जवळ. ही फिरली. दुसऱ्या बारीला जवळ गेली. मागनं दुसरी लाट आली ती हिला दिसली न्हाय, स्कूटरचं नाक पान्यात घुसलं, ही उडाली, आन् वरनं स्कूटर आली ती हिच्या कमरेवर.

जहाज काय थांबनार ताई, एवढं मोठं, ते गेलं पुढं. वरचे लोक वरडत व्हते, ते आता घाबरून वरडत व्हते का मजेनं, देवाला ठावं. यांनी बोट जवळ घातली, बोटीखालचा पंखा लागेल म्हनून इंजिन बंद केलं आन् पान्यात उडी टाकली. एका हातानं बोटीची दोरी धरली, दुसऱ्या हातानं पोर धरली, आन् बोटीतल्या त्या मानसाला म्हनतायत, दे रे हात, अरे दे रे हात. त्याच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातानं त्यो फोन सावरतोय. बोट हलतीय ना, चित्र हलू नये. यांनी एकट्यानं तिला वर घेतली. कशी घेतली त्यांनाच ठावं. दंडाचं काहीतरी तुटलं त्यांच्या, तो हात अजून डोक्यावर जात न्हाय.

मुरूडला नेली, तिथनं अलिबाग, तिथनं मुंबई. खुब्याचं हाड गेलं, पायाची शीर दबली. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेय, आन् शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून मला म्हनते, काकू, ही तीच ना, व्हिडिओतली? आन् फोन पुढं केला. ताई, मी बघितलं. माझी पोर पडताना सावकाश करून दाखवलीय, एकदा, परत एकदा. मंग यांचे हात दिसतात, नुसते हात, तोंड न्हाय. आन् हे जे वरडत व्हते ना, दे रे हात, दे रे हात, तो आवाजच काढून टाकला. वर गानं लावलं. आन् लिवलं की मी हिला मरनाच्या दारातनं वढून आनली. मी! खाली लोक त्याला शाबासकी देतायत, हात जोडतायत. मी तो फोन त्या सुनेला परत दिला आन् बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. रडले न्हाय. दात असे आवळले की दोन दिवस भाकर चावता आली न्हाय.

आन् गावाला काय झालं सांगू? गावात मानसं म्हनायला लागली, पोरीच्या जातीला कशाला दिली स्कूटर. मीटिंगमध्ये म्हनाले, अनंतानं पोरीला डोक्यावर चढवली. अरे, तुमच्यातल्या तिघा पोरग्यांनी स्कूटरी खडकावर घातल्या, एकाच्या पायाची बोटं पंख्यात गेली, तवा कुनी म्हटलं का पोरग्याच्या जातीला कशाला दिली? त्याला बघायला तुमी केळी घेऊन गेलात, आन् माझ्या पोरीला बघायला आलात ते तोंड वाकडं करून. मी उठून सगळ्यांसमोर हे बोलले. नंतर एक म्हातारा म्हनाला, बाईनं एवढं तोंड करू नये. त्याला काय बोलले ते तुमी लिवू नका.

पोलिसांनी पन यांनाच बोलावलं. बोट कुनाची, तुमची. जहाजाजवळ कोन गेलं, तुमची पोर. बोट बांधून ठेवायला लावली. बुचडेवाल्याला कुनी इचारलं न्हाय, त्यो नुसता शूटिंग करत व्हता म्हने.

पावसाळा सरला आन् त्यो परत आला. संगट अजून एक, हातात फुलं, आन् एक दिवा, उजेड पाडायचा. मी अंगनात शहाळी सोलत बसले व्हते, रेश्मा खाटेवर. त्यो म्हनाला, आंटी, सगळे इचारतात रेश्मा कशी हाय, एक इमोशनल व्हिडिओ करू, ती खाटेवरनं उठते असा. माझ्या हातात कोयता व्हता. त्यो कोयत्याकडं बघून मागं सरकला. मी कोयता खाली ठेवला, मुद्दाम ठेवला. म्हटलं, ये. फोन ठेव तो. दोन्ही हात मोकळे कर. आता उचल तिला. रोज मी उचलते, मोरीत नेते, आज तू ने. तवा हात दिला न्हाईस ना, आता दे. त्याचे हात ताई, असे लटकत व्हते, मेलेल्या मासळीसारखे.

तेवढ्यात रेश्मा बोलली. आई, थांब. मंग त्याला म्हनाली, मला बाबांनी काढलं, ते टाक. आन् उडी मी मारली, तू लावलीस म्हनून न्हाय, मला मारायची व्हती म्हनून मारली. पयली उडी बरोबर पडली व्हती. ती का न्हाय दाखवलीस? ती टाक. पडलेली सगळ्यांनी बघितली, ती कुनीच बघितली न्हाय.

त्यो व्हय व्हय म्हनाला आन् गेला. टाकली का? अजून न्हाय टाकली. यांनी तिला काढलं तेबी टाकलं न्हाय.

मला त्याचा राग हाय तो हायच. पन त्या दिवशी मला पोरीचा जास्त राग आला. मी हिच्यासाठी सगळ्या गावाशी भांडले, की त्या मेल्यानं माझ्या भोळ्या पोरीला फसवलं, आन् ही म्हनते मला मारायची व्हती! मी तिला म्हटलं, तुला आईची काय पडली न्हाय ना? तर म्हनाली, आई, वर गेले ना, तवा सगळं गप्प झालं व्हतं, इंजिनाचा आवाज पन न्हाय. आन् हसली. कमरेत सळई घातलेली पोर, हसतीय. मी आत जाऊन भांडी आपटली, दुसरं काय करनार?

आता ती काठी घेऊन चालते. एक पाय आखूड राहिला, राहायचा म्हने. बोट सुटली यांची, पन पान्यातनं मानसं वर वढायचं काम दुसरा करतो, हे सुकानावर. रेश्मा किनाऱ्यावर शिट्टी घेऊन बसते, पान्यात लई पुढं जानाऱ्या पर्यटकांना वरडते. माझा आवाज हाय तिला, ऐकतात लोक. लग्नाचं इचारायला येनारे यायचे बंद झाले, त्याचं मला काय न्हाय. ज्यांना पाय बघायचा हाय त्यांनी घरी बसावं.

परवा सकाळी, मानसं यायच्या आधी, ती बापाला म्हनाली, मला स्कूटरवर बसवा, कडेकडेनं, लांब न्हाय जानार. आन् बाप उठला ताई. परत उठला! मी दोघांना काय काय बोलले, वाळूतली कुत्री उठून लांब जाऊन बसली. कुनी ऐकलं न्हाय. यांनी एका हातानं तिला धरली, बसवली, मागं सोता बसले. ती माझ्याकडं बघून म्हनाली, येते गं आई.

मी तोंड फिरवलं व्हतं. पन येते म्हटल्यावर ये म्हनायला लागतं, न्हाय म्हनून कसं चालंल? ये, म्हटलं. दात आवळूनच म्हटलं, पन म्हटलं.