हंसाबेनच्या मोरीतली लोकर

आधीच हसू नका हं, मला अजून तिच्यासमोर मान वर करता येत नाही.

शेजारची हंसाबेन लोकरीची माणसं बनवते, हे ठाऊक होतं. ओल्या लोकरीला साबण लावून, चोळून चोळून बनवते, हे कुठे ठाऊक? परवा ती डहाणूला गेलेली. मी सवयीनं मागच्या दारानं आत शिरले. मोरीत साबणाच्या फेसात हातभर लोकर पसरलेली. म्हटलं, बाई स्वेटर भिजवून विसरली. कढत पाणी ओतलं, धोपाटण्यानं चांगलं बडवलं. पिळायला उचललं तर त्याला मिशी! अख्खा माणूस आकसून वीतभर झालेला.

तेवढ्यात डहाणूहून परतलेली हंसाबेन दारात.

"वहिनी, हे काय केलंत?"

"अगं, मला वाटलं स्वेटर..."

"आमचे हे होते ते. उद्या वर्षश्राद्धाला फोटोशेजारी ठेवायचे होते."

मी म्हटलं, "शिव्या दे गं मला, हव्या तेवढ्या दे."

तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचा फेस पुसला.

"राहू द्या, वहिनी. दवाखान्यातून घरी आणले, तेव्हा एवढेच उरले होते."