धाकटे वानखेडे

हसू नका, पण आमच्या कोथरूडच्या ऑफिसात एका टूलला सगळे 'धाकटे वानखेडे' म्हणतात. थोरले वानखेडे म्हणजे मी.

हे टूल येण्याआधी आमचे चाळीस सर्व्हर मी एकेक करून हातानं अपडेट करायचो आणि दर वेळी दोन-तीन राहून जायचे. शेवटी वैतागून हे टूल शोधलं. ते सगळे सर्व्हर आपोआप एकसारखे ठेवतं. मंजुरी मात्र गोखले सरांची हवी, आणि सर पक्के शनिवार पेठेतले.

"वानखेडे, याचं वैशिष्ट्य काय?"

मी अमरावतीचा माणूस, दणक्यात सांगितलं, "सर, याला दहा वेळा सांगा, काम एकदाच होतं!"

मला म्हणायचं होतं की, झालेलं काम ते पुन्हा करत बसत नाही.

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "अहो, मग नवीन कशाला घ्यायचं? दहा वेळा सांगितल्यावर एकदा काम करणारे आपल्याकडे पाच वर्षांपासून आहेत की."

टूल मंजूर झालं. पण आजही ते कुठे अडकलं, की कुणीतरी माझ्याकडे बघत ओरडतंच, "अरे, धाकट्यांना अकराव्यांदा सांगा!"