तेलात कालवलेली काजळी

सुलोचना : म्हणजे हा फोटो कुठल्या वर्षाचा, आत्ये?

चंद्रावती : तुझं बारसं झालं त्या वर्षाचा. त्रेसष्ट. फाल्गुनात बारसं, आणि वैशाखात रामचंद्राने तुझ्या आईला जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात बसवली. ठेव गो तो फोटो काढायचा डबा. उद्या लग्न, आणि हळदीच्या हातांनी गंज कसला चिवडतेस?

सुलोचना : लुगड्याचे काठ दिसतात, हात दिसतात. तोंडाच्या जागी नुसता पांढरा डाग.

चंद्रावती : हात तरी राहिले. काहींचं तेवढंही राहत नाही.

सुलोचना : बाबा मरेपर्यंत म्हणत होते, सुईने भोक पाडताना माझाच हात चुकला.

चंद्रावती : म्हणायचा खरा.

सुलोचना : भोक बरोबर आहे. मी बघितलं. तू आत वास घे.

चंद्रावती : मला हल्ली वास येत नाही.

सुलोचना : खोबरेल आहे. बावीस वर्षांनीही बोटाला चिकटतं. आतून काळं कोणी लावलं होतं?

चंद्रावती : मी. त्यानेच सांगितलं. बिस्कुटांच्या डब्याचा पत्रा आत चकाकतो. भोकातून आलेला उजेड त्यावर आपटून परत कागदावर पडतो आणि चित्र खातो. म्हणून दिव्याची काजळी धर, पेजेत कालव, आतून सारव. मेलेलं काळं हवं, चमकणारं नको. तेल घालू नकोस. दोनदा सांगितलं.

सुलोचना : आणि तू डोळ्यांत घालायच्या काजळासारखं तेलात कालवलंस. सवयीने?

चंद्रावती : सवयीने म्हण. तुझा उद्याचा दिवस बरा जाईल.

सुलोचना : आत्ये.

चंद्रावती : मुद्दाम. म्हापशाच्या फोटोवाल्याने कागद एकच दिला होता. मी म्हटलं, रामचंद्रा, माझा काढ की. बारा वर्षं तुझी चूल फुंकते. तो म्हणाला, तू कुठं मरायला टेकलीस?

सुलोचना : आणि आई?

चंद्रावती : ती टेकली होती. क्षय. तीन मिनिटं हलायचं नव्हतं. तिने खोकला दाबून धरला. ओठ निळे पडले. मी समोर तांदूळ निवडत होते.

सुलोचना : तिचं तोंड उमटायचं नाही हे ठाऊक असताना?

चंद्रावती : थांबवलं असतं तर सांगावं लागलं असतं.

सुलोचना : बाबांनाही कधी सांगितलं नाहीस. वीस वर्षं त्यांना भात वाढलास.

चंद्रावती : ऊन ऊन वाढला.

(सुलोचना डब्याला झाकण लावते.)

सुलोचना : उद्या फोटोवाला येईल तेव्हा तू रांधपात, चुलीपाशीच बस.

चंद्रावती : विधवा बाई दुसरीकडे बसणार कुठं.

सुलोचना : ती कशी दिसायची, तेवढं सांग. मामाचं हळर्णचं घरही बंद पडलं. तिला पाहिलेलं दुसरं कोणी उरलं नाही.

चंद्रावती : उद्या मला फोटोत घेशील? तुझ्या शेजारी?

सुलोचना : नाही.

चंद्रावती : मग मला आठवत नाही.

सुलोचना : ती गेली तो दिवस तरी सांग. फोटोच्या मागे लिहिते.

चंद्रावती : लिही. विमला, रामचंद्राची बायको. त्रेसष्टच्या वैशाखात, या फोटोनंतर नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारली.