काळा धूर दिसला पाहिजे

मी यावलकडची, चार इयत्ता शिकलेली, लग्न होऊन दोंडाईच्याला आले कारण आमचे मालक तिथल्या एका जिनात आगवाले होते. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडी कोळसा घालणारा, वाफ झाली तर सरकी काढायची यंत्रं फिरणार. मीही तिथंच कापूस निवडायला जायचे. आम्ही बायका सांजेला राखेच्या ढिगातून अर्धे जळलेले कोळसे वेचायचो, घरोघरच्या चुली त्याच्यावर चालायच्या, आता सांगा, किती वाया जात असेल. आणि मालक घरी आले की खोकायचे, काळं थुंकायचे, खोकायचे.

एकदा बॉयलर गळायला लागला म्हणून भुसावळचा एक म्हातारा फिटर आला. तो मालकांना म्हणाला, अरे बाबा, ढीग काय ओततोस, थोडा थोडा घाल, पसरून घाल, दार लगेच लाव, आणि ह्या उघड्या नळाला माती-भुसा थापून पोती गुंडाळ, वाफ वाटेतच गार होतेय. मालकांनी तसं केलं. कोळशाचा ढीग सरेना, यंत्रं तशीच पळायची, आणि खोकला थांबला हो, महिनाभरात थांबला, मी म्हटलं देव पावला.

पण काय सांगू तुम्हाला भाऊ, धुराड्यातून धूर कसा, विडी ओढल्यासारखा. आणि आपल्याकडचा गाडीवाला कापूस घेऊन आला की आधी मान वर करतो. ज्याचा धूर काळा त्याचा जिन जोरात, तिथं खोळंबा नाही, असा हिशोब. आमच्या फाटकाशी गाड्या यायच्या, गाडीवाले वर बघायचे, म्हणायचे, आठे धूरच नई शे, चला पुढला जिनमा, की वळल्या. मी स्वतः बाहेर जाऊन ओरडले, अरे कान आहेत का, यंत्रांचा आवाज ऐका. एकजण हसून म्हणतो, अक्का, आवाज तं तुनाबी मोठा शे.

जिनाचा शेठ तणतणत आला. भट्टी विझवली का रे? मालक म्हणाले, नाही शेठ, वाफ पुरी आहे, कोळसा वाचतोय. शेठ म्हणाला, कोळसा माझा, धुराडं माझं, तुझ्या बापाचं काय जळतं? काळा धूर दिसला पाहिजे. मग ओला कोळसा, कापसाचा कचरा, बठ्ठं, हाती येईल ते सगळं आत कोंबायचं. नळाची पोतीही शेठनं खंडेनवमीला काढायला लावली, का, तर यंत्राची पूजा आहे, नळ चकचकीत दिसला पाहिजे, ही काय आजाऱ्याची पट्टी. त्याच्यावर हळद-कुंकू लावलं, पोती पुन्हा बांधूच दिली नाहीत.

मालक म्हणायचे, दुसरं काम कुठंय? खोकला परत आला तो गेलाच नाही, मालक गेले. शेठ सांत्वनाला आला होता. बसा म्हटलं नाही मी.

आता शेठचा मुलगा बघतो. त्यानं तेलाचं इंजिन आणलंय, त्याला धुराड्याची गरजच नाही. मी म्हटलं, सुटले लोक. कसले सुटतात! गाडीवाले अजून मान वर करतातच, म्हणून धुराड्याच्या बुडाशी कचरा आणि ओली टरफलं जाळायला एक माणूस ठेवलाय. दिवसभर नुसता धूर करायचा. यंत्र त्याच्यावर फिरत नाही, काही नाही.

तो माणूस माझा थोरला. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्या बापाला ज्या धुरानं खाल्लं, त्या भट्टीवर निदान यंत्रं तरी फिरायची. तो म्हणाला, आई, बायकोपोरं आहेत, आणि गेला. हल्ली तोही खोकतो.

आलात, ऐकलंत, बरं झालं. तुमच्या घरची चूल थोड्या लाकडात पेटो आणि तिचा धूर कुणाला न दिसो. आता जा, थोरला यायची वेळ झाली, मला त्याच्या आंघोळीचं पाणी तापवायचंय.